स्वल्पविरामानंतरचं

सकाळी आठला मापुत्सोएच्या फाटकावर
आनेलीस बाईंची गाडी थांबली, मागच्या सीटवर मी.
माझं काम एवढंच : सेसोथोतून आलेलं
इंग्रजीत पोचवायचं, सांडू न देता.
दिवसाचे आठशे मालोती, जेवण त्यांच्याकडे.

फरशी ओली, फिनेलचा वास.
आग विझवायच्या नळकांड्यांवर नव्या तारखा,
एकीचा कागद अजून कोपऱ्यातून सुटत होता.
संडासात साबण. त्यावर कोरलेलं नाव जसंच्या तसं,
कुणाचा हातच लागला नव्हता त्याला.
बाईंनी पाहिलं. लिहिलं : साबण आहे.

नऊ बायका निवडल्या, यादीवर पेन्सिल टेकवून.
मान्त्सोपा सातवी. जीन्सच्या कंबरेला पट्ट्याची नाकी शिवते.
नखं निळी, जी निळाई मोहोकारे नदीतही उतरते
आणि नदी ती निमूटपणे पुढच्या देशात नेते.
पायाशी डबा, डब्यात पापा आणि मोरोहो.
झाकण न उघडता तिने सगळी उत्तरं दिली.
वय? चौतीस. जादा तास? हो. त्याचे पैसे? मिळतात.
मग बाईंनी विचारलं,
रात्रपाळीत मागचं दार उघडं असतं का?

मान्त्सोपाने माझ्याकडे पाहिलं. बाईंकडे नाही.
म्हणाली, "दार उघडं असतं, तुम्ही येता तेव्हा."

आणि मी म्हणालो : दार उघडं असतं.

खोटं नव्हतं. शब्दाला शब्द होता.
फक्त स्वल्पविरामापाशी कात्री लावली,
ती लावते तशी, शिवणीच्या टोकाला, न बघता.
का लावली?
काचेपलीकडे मॅनेजर उभा होता.
तीन वाजत आले होते, अजून दोघी बाकी होत्या,
आणि फॉर्मवरचा चौकोन एवढासा होता
की त्यात एक टिकच मावली असती.
पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावतील, हेही होतंच मनात.
ते आधी सांगायला हवं होतं.

हिवाळ्यात ब्लूमफाँटेनला गेलो, मुलाच्या शाळेच्या बुटांसाठी.
दुकानात एक जीन्स टांगलेली. तिला पुठ्ठ्याचं लेबल,
लेबलवर काळ्या चौकटींचा कोड :
तुमच्या कपड्याची गोष्ट ऐका.
मोबाइल धरला. नकाशा उघडला.
कापूस कुठला, सूत कुठलं, रंग कुठला,
ठिपक्यांवरून रेघ सरकत आली
ती थेट मापुत्सोएवर थांबली,
आणि तिथे हिरव्या अक्षरांत, साबणाच्या खाली,
दारं : खुली.

माझं वाक्य.
रॉटरडॅमला जाऊन आलेलं, एक सुरकुती न पडता.
मी त्या जीन्सचा खिसा उलटा करून पाहिला.
का, ते सांगता येणार नाही.
अस्तर पांढरं होतं, शिवण सरळ होती.
बूट न घेताच निघालो. मुलगा चार दिवस बोलला नाही.

पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर थांबलो,
माकोएन्या तळणाऱ्या म्हातारीच्या कढईशी.
मान्त्सोपा आली, खांद्यावर पिन लावलेलं ब्लँकेट.
म्हणालो, त्या दिवशी बाईंना तुझं बोलणं
मी अर्धंच सांगितलं.
ती रागावली नाही. हसलीही नाही.
गरम माकोएन्यावर फुंकर घालत म्हणाली,
"त्या बाईला सेसोथो कुठे येतं?
मी तुला सांगत होते."

टॅक्सी भरली, ती आत सरकून बसली,
काच खाली करून म्हणाली, सोमवारपासून माझी रात्रपाळी.

आज सोमवार.
पाळी दहाला सुरू होते, आत्ता पावणेदहा झालेत.
आनेलीस बाईंच्या कार्डाला अजून त्या फिनेलचा वास आहे.
तिकडेही हीच वेळ असते हिवाळ्यात, इकडच्या.
नंबर लावलाय.
वाजतोय.