दोन ‘आहे’

सातवी ब. पाचवा तास, जेवणानंतरचा.
पत्र्याखाली चव्वेचाळीस डिग्री
आणि मी फळ्यावर लिहिते : सोल. म्हणजे सूर्य.
मागच्या बाकावरून मल्लिनाथ हत्तुरे,
“म्हणजे आपण पहिल्यापासूनच स्पॅनिश की बे!”
वर्ग फुटतो. त्या ‘बे’साठी मी डोळे वटारते,
पण सोलपुढं ‘आपूर’ लिहून टाकते.

संस्थेच्या सचिवांना खरं तर जर्मन हवी होती.
जर्मनवाला पुणं सोडून यायला तयार झाला नाही,
म्हणून मी.
पालकसभेत एक गृहस्थ उभे राहिले,
“घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी,
परीक्षेला इंग्रजी. आता हे कुठं ठेवायचं?”
बसेल, म्हणाले मी.
कुठं, ते मलाही सांगता आलं नाही.

माद्रिद मी पाहिलेलं नाही.
कॅसेटमधल्या एका बाईकडून शिकले.
दर धड्यात ती स्टेशनवर तिकीट मागायची;
तिची गाडी आली की नाही, कळलं नाही.

‘र्र’साठी मी आरसे आणून ठेवले होते.
लावण्या येमूल पहिल्याच दिवशी पेर्रो म्हणाली, खणखणीत.
“आमच्या शेजारी गुर्रम राहतात, त्यात काय मॅडम.”
उजेर बागवानला कामिसा समजवावा लागला नाही,
कमीज त्याच्या अंगातच होती.
ओखाला म्हणजे ‘तसं होवो’, मी सांगितलं.
“इन्शाल्ला,” तो पुटपुटला,
आणि मी मान हलवली : त्याच घरातला शब्द,
फक्त फार लांबून फिरून आलेला.

आणि ञ.
तक्त्यावर च छ ज झ च्या शेवटी
वर्षानुवर्षं हजेरी लावून रिकामा बसणारा,
त्याला अखेर काम लागलं :
माञाना. उद्या.
नीञो. लेकरू.
“लेकरू पुल्लिंगी कसं?” शिवलीला भांडायलाच उठली.
“नपुंसकलिंग नाहीच? मग लेकरांचं काय करतात तिथं?”
लगेच मुलगा नाहीतर मुलगी व्हावं लागतं, बाई.
“हे काय बरोबर नाही,” म्हणाली, आणि बसली.

आज दोन ‘आहे’.
सेर : जे आहेच. मी मुलगी आहे. मी सोलापूरची आहे.
एस्तार : जे सध्या आहे. चहा गरम आहे. मी वर्गात आहे.
पोरं भराभर वाक्यं फेकू लागली.
शेंगाचटणी तिखट आहे. सेर!
पंखा बंद आहे. एस्तार!
मिल बंद आहे.

मी खडू खाली ठेवला.
ही पोरं जन्मायच्या कितीतरी आधीपासून बंद.
“एस्तार,” म्हणाले. “बंद असणं नेहमी एस्तारच.”
“म्हणजे उघडणार?” मल्लिनाथ.
कुणीतरी हसलं.
लावण्यानं हात वर केला नाही, बसूनच विचारलं,
“आणि वारलेत, ते?”

एस्तार.
व्याकरणात तसंच आहे.
का, ते मी शिकताना विचारलं नव्हतं.
तेव्हा माझं कुणी गेलेलं नव्हतं.

शनिवारी पेपर तपासायला घेतले.
पाच वाक्यं लिहा, दोन्ही क्रियापदं वापरून.
लावण्याची आई विड्या वळते. ती घरी आहे : एस्तार, बरोबर.
भाऊ लहान आहे : सेर, बरोबर.
वडील वारलेत : एस्तार, बरोबर.
आणि खाली, ओळ सोडून,
वडील विणकर आहेत. तेखेदोर. सेर.
वर्तमानकाळ.

इथं ‘होते’ हवं. नियमानं अर्धा मार्क जातो.
टोपण काढलेलं लाल पेन
किती वेळ हातात धरलं, कोण जाणे.
पलीकडच्या गल्लीत एक माग चालू होता,
मधेच थांबायचा, धागा तुटला असेल,
परत चालू व्हायचा.

पाचपैकी पाच लिहिले आणि पुढचा पेपर ओढला.
मल्लिनाथचा.
मिल बंद आहे, त्यानं लिहिलं होतं, सेर.

त्याचा मात्र कापला.