आजीव वर्गणीदार

उदगीरला बदली झाली तेव्हा घरमालकानं
किल्लीसोबत दोनच गोष्टी सांगितल्या:
नळ आठ दिवसांआड येतो,
आणि न्हाणीच्या दिव्याचं बटण उलटं आहे.
इंदुमती विश्वंभर हलगरकर यांच्याबद्दल
तो काही बोलला नाही.

त्या पोस्टातून येत राहिल्या.
विम्याची नोटीस, पतपेढीची वार्षिक सभा,
जळकोटहून हळदीची बोटं उमटलेली लग्नपत्रिका,
चष्म्याच्या दुकानाचं कार्ड: नंबर तपासून घ्या.
मी निळ्या पेनानं लिहायचो, 'इथे राहत नाहीत',
आणि सोनकांबळे पोस्टमन म्हणायचे,
कुठं राहतेत ते बी लिहा की, साहेब.
शेजारी म्हणाले, लेकाकडं.
समोरचे म्हणाले, लेकच नाही त्यांना.

मासिक मात्र परत पाठवेना.
नावापुढं छापलेलं असायचं, आजीव.
आयुष्यभराचे पैसे बाईंनी एकदम भरलेले,
पत्ता तेवढा टिकला नाही.

दिवसभर कोपरापर्यंत हात म्हशींच्या पोटात,
संध्याकाळी डेटॉलचा वास घेऊन
मी त्यांचं शब्दकोडं सोडवायला बसायचो.
उभे नऊ: निजामी रुपया, दोन अक्षरी.
हाली.
आजोबा मरेपर्यंत त्यातच हिशेब करायचे.
उत्तर वर्गणीदाराच्याच नावानं हवं होतं,
म्हणून त्यांच्या नावानं टाकलं.

दोन महिन्यांनी मनीऑर्डर आली. रुपये एक्कावन्न.
सोनकांबळ्यांनी फॉर्म बघितला, मग मला.
हे तुमी नव्हं.
नाही.
पर कोडं तुमीच सोडिवलं. कार्ड मीच नेलतं.
उंबऱ्यावर आम्ही दोघं थोडा वेळ उभे राहिलो.
मग त्यांनी पेन मागितला
आणि पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लिहिलं,
'इथे राहत नाहीत'.

पोळ्याच्या आसपास एक पोस्टकार्ड आलं.
'हलगरकरांच्या घरी सध्या जे असतील त्यांस.
पुतणीनं अंक दाखवला. माझ्या नावानं कोण जिंकलं?
कोडी आमचे हे सोडवायचे, मी नुसती पेन्सिल टोकरून द्यायची.
कळवा.'

खाली सही. पत्ता लिहायचा राहिलेला.
शिक्का पुसट, शेवटचं 'लूर' तेवढं लागतं.
देगलूर आसंल, सोनकांबळे म्हणाले,
न्हाईतर बंगळूर.
त्यांनी कार्ड उन्हाला धरलं, उलटं केलं,
पुन्हा सुलटं केलं.

या महिन्याचं कोडं अवघड होतं.
आडवे चार शेवटपर्यंत आलं नाही.
तसंच, एक ओळ रिकामी ठेवून,
मी त्यांच्या नावानं टाकलं.