जिभा

सेंट जॉन्सला गुरुवारी संध्याकाळी सहाला
तिसऱ्या मजल्यावर कवितेचा वर्ग भरतो.
हीटर दात वाजवत असतो.
खिडकीबाहेर बंदर आहे म्हणतात;
धुक्यातून आम्हाला ते सप्टेंबरपासून दोनदाच दिसलं.

नियम एकच:
ज्याची कविता, त्याने मूग गिळून बसायचं.
बाकीचे आठ जण बोलणार, तो लिहून घेणार,
जणू तो वारलाय
आणि आम्ही त्याच्या घरातलं सामान वाटून घेतोय.

आज पाळी लिअँडर स्नूकची.
एकसष्टाव्या वर्षी बी.ए.ला आलेला.
मासळीच्या कारखान्यात एकवीस वर्षं सुरी चालवली,
मग कॉड धरायला बंदी आली,
मग एका शाळेवर रात्रपाळीचा पहारा.
पेन्सिल अजून मुठीत धरतो,
टोक स्वतःपासून लांब.

टेस म्हणाली, 'खारट' तीनदा आलंय.
ओवेन म्हणाला, मला यात माणूस सापडत नाही,
नुसते हात दिसतात.
प्रोफेसर हॅलरन म्हणाल्या, शेवटचं कडवं काढा.
कविता आधीच संपलीय,
तुम्ही उगाच दारात उभं राहून निरोप घेताय.

(बाई बोलतात ते बहुधा खरं असतं.
त्याचाच राग येतो.)

मी काही बोलले नाही.
गेल्या गुरुवारी माझी पाळी होती.
माझे बाबा गँडरबाहेरच्या रस्त्यावर
बर्फ काढायची गाडी चालवतात. मी लिहिलं होतं:

बाबा रात्रभर बर्फ बाजूला सारतात;
आता सारायला बाजूच उरलेली नाही.

बाईंनी त्याखाली हिरवी रेघ मारली
(लाल आम्हाला लागतं म्हणे)
आणि लिहिलं, 'ही ओळ स्वतःवर फार खूश आहे.'
मी त्या कागदाचा बोळा केला
आणि जाता जाता, सहज टाकल्यासारखा,
टोपलीत टाकला.

सव्वासात वाजता बाई म्हणाल्या, लिअँडर, आता बोला.

त्याने कागद टेबलाच्या कडेवर धरला,
शेवटचं कडवं सरळ फाडून काढलं,
एक अक्षरही न दुखावता,
आणि खिशात घातलं.
म्हणाला, कारखान्यात मुंडकी फेकून द्यायचे.
शाळा सुटली की आम्ही पोरं धक्क्यावर.
फळीला खिळा, खिळ्यावर मुंडकं,
आणि खालून जीभ काढून घ्यायची.
जिभेला हाड नसतं, म्हणून ते काम पोरांना.
पंधरा सेंट डझन. दारोदार.
माझे पहिले बूट जिभांचे आहेत.

हीटरसुद्धा थांबला होता.
ओवेनने ते शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं,
हात आडवा धरून. मी पाहिलं.

जिन्यात लिअँडरने मला बिस्किटांचा डबा उघडून दाखवला.
आत कागदाच्या पट्ट्या.
टेसचा चंद्र, जो तिने ऑक्टोबरात काढून टाकला.
ओवेनच्या मेलेल्या कुत्र्याची दोन कडवी.
बाईंच्याही हस्ताक्षरातलं काहीतरी,
ते त्याने पटकन खाली सरकवलं.
आणि माझा बर्फ,
अंगठ्याने घासून सपाट केलेला,
चुण्या तशाच.

'माझी आहे ती,' मी म्हणाले.
'होती,' तो म्हणाला.
'द्याल?'
'सुटी विकत नाही. आणखी अकरा आण,
मग बघू.'
आणि डबा काखेत मारून निघाला,
एका गुडघ्याला जपत, एकेक पायरी.

बस यायला वीस मिनिटं होती.
दिव्याखाली वही उघडून मी मोजायला बसले.
अकरा कसल्या, चाळीसएक तरी निघाल्या असत्या.
पण खोडताना मी प्रत्येक ओळ
इतकी गिरवून गिरवून काळी केलीय
की एकही वाचता येत नाही.

लिअँडर खोडतो तेव्हा एकच रेघ मारतो, बारीक,
पोटाखालून.