दोरी

सासूबाईंच्या पलंगाएवढी दोरी
पर्समध्ये घालून निघते मी दर रविवारी.
निशिकांत स्कूटर चालवतो,
मी मिनिटं मोजते.

करजणचा नमुन्याचा फ्लॅट झकास होता.
दोरी लावली तेव्हा कळलं,
तिथला पलंगच मुळी लहान मुलाचा,
वर मोठ्यांच्या उश्या.
बिल्डरचा पोरगा म्हणाला, "बेन, वीस मिनिट."
आम्हाला बावन्न लागली होती,
फाटकात अडकलो ती सोडून.

वाघोडियाला पलंग मावला, दार मिटेना.

डभोईला मावला.
दारही मिटलं.
भाव त्याच्या पीएफएवढा,
वर थोडं माझं सोनं.
शेजारच्या गॅलरीत एक बाई चादर झटकत होती,
बोलण्यावरून आपल्यातली.
विचारलं, पाणी कधी येतं हो?
"पाणी पाचला," ती म्हणाली,
"आणि हे साडेनऊला."
चादरीची घडी घालून आत गेली.
मला वाटलं, निशिकांत खाली
पार्किंग बघतोय.

परतताना रस्त्यावर वांगी स्वस्त मिळाली.
पिशवीचे बंद तुटलेले,
तोंड त्याच दोरीनं बांधलं.

प्रतापनगरच्या सिग्नलला
तो मागे न वळता म्हणाला,
"साडेनऊ म्हणजे...
तू जेवून घेत जा."

सिग्नल सुटला.
मागचे हॉर्न वाजवू लागले.