रास्पबेरी, २००९

मोयरा भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणते.
डंडीतल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात म्हणाली,
"तुझा प्रेस बघू गं,"
आणि मी तिच्या हातात इस्त्री दिली.
जिन्यातच बसून हसली, गुडघे धरून.
सतरा वर्षं झाली. अजून हसते.

उद्या तिचा निरोप. मुलाकडे चालली, फाइफला,
पुलापलीकडे, म्हणजे तशी जवळच,
पण जिना एकदा सुटला की सुटला.
सहा जणं येणार. खुर्च्या चार.
मीटरमध्ये दोन पौंड चाळीस.
ओव्हन डावीकडे करपवतो, उजवीकडे कच्चं ठेवतो,
म्हणून नानकटाई मधोमध, दाटीवाटीने,
तरी तीन डावीकडे सरकल्याच.
तूप निम्मं, निम्मं मार्जरीन.
वेलची मात्र मोजली नाही.
हेरंब म्हणतो, कळणार नाही कुणाला.
मला कळतं ना.

तोवर कपाट काढलं.
काढलं म्हणजे काय, अंगावर आलं.
रव्याची तीन अर्धी पाकिटं,
दर वेळी "संपला असेल" म्हणून आणलेली;
हळकुंडं, जी मी कधीच कुटणार नाही;
एक पुडी, जिला वास धन्याचा आणि रंग कशाचाच नाही.
दुकानात सारख्या काचेच्या बरण्या मिळतात, बांबूच्या झाकणांच्या,
सहाचा संच अठ्ठावीस पौंडांना.
मग आत भरू काय, पावती?

त्यापेक्षा हेरंबच्या बुटांचे खोके, खण म्हणून.
अंड्यांच्या ट्रेमध्ये जायफळ, सुंठ, लसणाच्या गड्ड्या.
पडद्याचा जुना दांडा आडवा ठोकून
त्यावर गाळणी, झारा, किसणी.
आणि बरण्या.
बरण्या तर मोयराच्याच.
दर सप्टेंबरात जॅम भरून वर यायच्या.
रिकामी बरणी परत करू नये,
म्हणून लोणचं घालून खाली जायच्या,
एकदा चकल्या, एकदा नुसतीच साखर.
मग ती म्हणाली, ठेव आता तुझ्याकडेच.
ते ॲलेक गेला त्या वर्षी.

तिच्या चिठ्ठ्या मी कधी काढल्याच नाहीत.
आळस, दुसरं काय. शिवाय तिचा गोंद
गरम पाण्यालाही दाद देत नाही.
तेव्हा आमच्याकडे तूरडाळ म्हणजे "रास्पबेरी, २००९",
पोहे म्हणजे "डॅमसन, साखर कमी",
आणि एकादशीला मी हेरंबला सांगते,
अरे, रुबार्ब काढ, भिजत घालायचाय.

पण उद्या चारचौघं बघणार.
मास्किंग टेप आणली, काळं पेन घेतलं,
ठळक लिहिलं: साबुदाणा. मूग. शेंगदाणे.
चिठ्ठीवर चिठ्ठी.
कपाट एकदम शहाण्यासारखं दिसू लागलं,
बँकेतल्या माणसासारखं.

तेवढ्यात मोयरा वर आली. सपाता घालून.
"वास आला," एवढंच.
प्रेससमोर उभी राहिली.
टेप न लागलेली बरणी उचलली, लांब धरून वाचली,
हलवली. डाळ वाजली.
"त्या वर्षी दोन बादल्या वेचल्या ॲलेकने.
एक वाटेतच खाल्ली. शर्टावर डाग,
आणि मला सांगतोय, पक्ष्यांनी नेल्या."
मग टेपवर बोट ठेवून:
"इथे काय लिहिलंयस?"

मी सांगितलं नाही. टेप ओढली.
टेप निघाली, पण चिठ्ठीचा कोपरा घेऊन.
रुबार्ब आणि आलं, दोन हजार
आणि पुढे नुसती काच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
ती म्हणाली, "वर्षाचं काय, माझ्या लक्षात आहे."
कुठलं, ते बोलली नाही.

ओव्हन मीच बंद केला.
चांगल्यांतली एक बशीत ठेवली तिच्यापुढे.
तिने बशी परत सरकवली.
"पाहुणी मी उद्या. आज करपलेली दे."
तिन्ही खाल्ल्या, उभ्यानेच,
तळहातावर पडलेला चुरासुद्धा.

मीटरमध्ये सत्तर पेन्स उरले होते.
उरलेल्या टेप काढायला मी रात्री बसले,
केस वाळवायचं यंत्र लावून, हळूहळू,
एकेक अक्षर सांभाळत.