आणि पार्टी

सांतान मुरझेलोच्या क्लॅरिनेटला तेरा चाव्या,
त्यातली एक चिकटलेली, पलटणीच्या लिलावात
घेतली तेव्हापासूनच.
ती टाळून वाजवायचं कसं, तर
खड्डा पाठ असलेल्या टांगेवाल्यासारखं:
मागे बसलेल्याला कळता कामा नये.

हे ऐकलं मी बाबांच्या बँडच्या दुकानात,
जांभळी नाक्यावर, चिंचेनं पितळ घासताना.
तेव्हा तो साठीचा.
एका वरातीचे साडेचार रुपये,
टोपी ज्याची त्याची.

त्याआधी, म्हणे, कुलाब्याच्या हॉटेलात
गळ्याला काळा बो लावून
गोऱ्यांना नाचवायचा.
जाझ शिकला बोटीवरच्या एका काळ्या खलाशाकडून,
दोन रात्री, मोहाच्या दोन बाटल्यांवर.
तिसऱ्या दिवशी बोट गेली.
राहिलं एवढंच, की सूर आत येताना
जरा मान वाकवतो,
ठेंगण्या दारातून येणाऱ्या उंच माणसासारखा.

युद्ध लागलं, फ्रान्सची रीड यायची थांबली.
हा कोयता घेऊन कोलशेतच्या खाडीत,
गुडघाभर चिखलात, बोरू कापायला.
चरईतल्या माळ्यावर बोंबलांशेजारी सुकवायचा,
दाढीच्या पात्यानं तासायचा.
“मडमा नाचतान,” म्हणायचा,
“त्यांना काय म्हाईत, माझे तोंडान खारी हाय.”

तबकडी एकच निघाली.
लेबलावर गाणाऱ्या बाईचं नाव,
खाली बारीक अक्षरांत: आणि पार्टी.
तो नख टेकवून दाखवायचा,
“या ‘आणि’न मी हाय.”

वरातीत मात्र घोटाळा.
ढोल पुढे गेलेले, आणि हा तलावपाळीच्या वळणावर
अर्धी मात्रा मागे,
घरच्या चालीला कुठल्या तरी बंदरावर नेऊन सोडलेला.
घोडं थबकायचं.
वरपक्षानं एकदा आठ आणे कापले.
बाबांनी ते खिशातून भरून दिले,
शिव्या वेगळ्या.

मग वरचे दात गेले.
सिव्हिलच्या डॉक्टरनं कवळी बसवली,
ती पहिल्याच फुंकरीला निसटली.
तो काही बोलला नाही.
पेटीत क्लॅरिनेट ठेवलं,
त्याच्या कुशीला कवळी,
आणि पेटी बाबांच्या हातात दिली.

आता त्या दुकानात मी
लोकांची आधार कार्डं लॅमिनेट करतो.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की तबकडी लावतो.
बाई श्वासाला थांबते
तेवढ्यात तो येतो, मोजून चौदा सेकंद.
मी कान लावून बसतो
त्या एका खड्ड्यासाठी.
अजून सापडलेला नाही.