समजा, एकशेवीस

जांबोटीत, सोसायटीच्या गोडाऊनला लागून जी खोली आहे
तिथं संध्याकाळी साडेसहाला माझी शिकवणी.
अकरा पोरं, दोन माध्यमं, एक फळा,
आणि लाईट गेली की तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल.

आजचं गणित:
एक बस जाताना ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाते,
त्याच रस्त्याने परत येताना ताशी साठ.
सरासरी वेग किती?

पन्नास, बाई!
हातसुद्धा वर न करता.
मागच्या साली असंच ओरडले होते,
आणि पंचवीस वर्षांमागे घाडी गुरुजींच्या वर्गात मीसुद्धा.
गुरुजी चूक म्हणायचे नाहीत.
पन्नासभोवती खडूने एक गोल काढायचे
आणि खिडकीशी जाऊन तंबाखू थुंकून यायचे.
तेवढ्या वेळात ज्याला कळायचं त्याला कळायचं.

मी गोल काढते. खिडकीशी जाते.
"खरं बाई," सातेरी म्हणते, "अंतर कुठं दिलंय ह्यात?"
दिलेलं नाही. आपण धरायचं.
"कितीबी?"
कितीही. चाळीसनं भाग जाईल, साठनंही जाईल, असं काहीतरी.
समजा, एकशेवीस.

जायला तीन तास. यायला दोन.
दोनशेचाळीस भागिले पाच.
अठ्ठेचाळीस.

ईरण्णा मान हलवत नाही.
फॉरेस्ट गार्डचा मुलगा, बैलहोंगलहून आलेला,
मराठी बोलतो ते दगडावरून ओढा ओलांडल्यासारखं.
"मग दोन किलोमीटर कुठं गेलं की, बाई?"

हळू बसमध्ये तू तीन तास बसलास, मी म्हणते,
जोरातल्या बसमध्ये दोनच.
जिथं जास्त बसलास तिकडे हिशेब कलतो.
तो वहीत लिहून घेतो. पटलेलं नाही, दिसतंय.

त्याला सांगत नाही ते असं:
बाबा म्हापशाला बेकरीत होते.
शनिवारी रात्री कदंबा चोर्ला घाट चढून यायची,
घाट चढायचा म्हणजे पहिल्या गिअरवर, कण्हत,
आणि तरी मी दोनशेपर्यंत मोजायच्या आत दिवे दिसायचे.
सोमवारी पहाटे तीच बस, उताराला लागलेली.
आई पदर डोक्यावरून ओढून उभी.
तांबडा दिवा कणकुंबीकडच्या वळणावर
जायचाच नाही, जायचाच नाही,
मग जायचा.
वेळापत्रकात दोन्हीकडचा वेळ सारखाच छापलेला होता.
मी ताडून बघितलाय, स्टँडच्या भिंतीवर, बोट लावून.

ईरण्णाची वही तपासायला घेते.
कन्नड मला येतं, बाजारापुरतं आणि गणितापुरतं.
वेग तिथंही वेगच.
अंतराला दूर.
वेळेला काल.
मोठ्यानं वाचते आणि मराठी माध्यमाची बाजू हसत सुटते:
वेग बरोबर दूर भागिले काल!
"काल म्हंजे टाइम, बाई," ईरण्णा लाल होऊन सांगतो,
"येस्टर्डे न्हवं."
माहीत आहे रे.
बरोबर आहे तुझं. पूर्ण मार्क.

"आणि बस मधी थांबली तर?" हे सातेरी, दप्तर भरता भरता.
पुस्तकातली थांबत नाही.
"आमची थांबती की. अक्का हात करती तिथं थांबती."
ते उद्या घेऊ.

पोरं निघतात, टॉर्च नाचवत, बहुतेक पळतच.
सातेरी मागं, खांद्यावर झोपलेला भाऊ घेऊन,
चढावर तिचा वेग ताशी दोनसुद्धा नसेल.
ईरण्णाची आज फळा पुसायची पाळी.
तो बाहीनं पन्नास पुसतो, नीट, शून्यासकट,
आणि का कुणास ठाऊक,
गोल ठेवून जातो.